तासिकेच्या सुरुवातीचे कुतूहल पाठभर टिकावे यासाठी काय करावे?

प्रश्न – विज्ञान शिक्षिका

मी माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवते. मधल्या सुट्टीनंतरच्या तासिकेला मुलांचे मन अजून मैदानावरच रेंगाळत असते. हजेरी आटोपल्यावर मी एखादी गोष्ट, कोडे किंवा लहानशी चित्रफीत घेऊन सुरुवात करते आणि तेवढा वेळ वर्ग रंगून जातो; परंतु ‘आता पुस्तके उघडा’ म्हटले की तो उत्साह तिथेच ओसरतो. प्रस्तावनेत जागे झालेले कुतूहल मूळ घटकापर्यंत पोहोचावे, यासाठी तिची आखणी कशी करावी? अनुभवी शिक्षकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – भौतिकशास्त्र अध्यापक

मॅडम, आपण लिहिले आहे त्यावरून वर्गाचे लक्ष लागत नाही असे दिसत नाही. प्रस्तावना आणि घटक यांचा सांधा जुळत नाही, असे मला वाटते. गोष्ट संपली की मुलांपुढे शोधण्यासारखे काही उरत नाही. म्हणून प्रस्तावनेच्या शेवटी प्रत्येकाच्या वहीत एक अनुत्तरित प्रश्न उरला पाहिजे आणि त्याचे उत्तर त्याच दिवशीच्या पाठात मिळाले पाहिजे.

हवेचा रोध शिकवायचा असेल, तर एकाच वहीतले दोन सारखे कागद घ्यावेत, एक तसाच आडवा धरावा, दुसऱ्याचा घट्ट बोळा करावा, दोन्ही समान उंचीवर धरावेत आणि सोडण्यापूर्वी थांबावे. आधी कोणता खाली पडेल आणि का, हे प्रत्येकाने एका वाक्यात लिहावे. बहुतेक जण बोळा आधी पडेल असे लिहितात, पण ‘तो जड आहे’ असे कारण देणारेही हमखास निघतात. कागद सोडल्यावर अंदाज खरा ठरतो आणि कारण मात्र कोसळते, कारण दोन्ही कागदांचे वस्तुमान सारखेच असते. ‘मग बोळा आधी का पडला?’ हा प्रश्न आता मुलांचा स्वतःचा झालेला असतो आणि पाठ तिथूनच पुढे न्यायचा असतो.

लिहून घेण्यावर माझा भर आहे, त्याला आधारही आहे. हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रयोग नुसता पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची समज तो न पाहिलेल्यांपेक्षा फारशी वाढलेली दिसली नाही; आधी अंदाज नोंदवलेल्यांची समज मात्र अधिक चांगली होती.

उत्तर – गणित शिक्षक

वरील मताशी मी सहमत आहे, तरी रोज नवे आश्चर्य हवेच असे नाही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पंचपदीत, म्हणजे पाठ शिकवण्याच्या पाच पायऱ्यांच्या पद्धतीत, पहिली पायरी पूर्वतयारीची आहे आणि तिचा हेतू पूर्वज्ञान जागे करणे हा आहे. पाठ टाचणात, म्हणजे शिक्षकाच्या पाठाच्या लेखी आराखड्यात, मात्र ती अनेकदा दोन-तीन ठरावीक प्रश्नांपुरती उरते, याचे मला मनापासून वाईट वाटते. मुले वर्गात येण्यापूर्वीच मी फळ्यावर मागच्या घटकावरचे दोन प्रश्न लिहून ठेवतो आणि हजेरी होईपर्यंत मुले ते पुस्तक न उघडता सोडवतात. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 मधील प्रयोगांत, मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतरही अधिक लक्षात राहिला होता. अपूर्णांकांची बेरीज शिकवण्यापूर्वी ‘1/3 मोठा की 1/4?’ एवढे विचारले, तरी 4 हा 3 पेक्षा मोठा म्हणून 1/4 मोठा मानणारी मुले लगेच लक्षात येतात आणि पुढचा पाठ कुठून उचलावा हे ठरवता येते.

उत्तर – भाषा शिक्षिका

प्रश्न विचारल्यानंतर थोडे थांबावे, एवढीच माझी भर. विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांच्या निरीक्षणांनुसार शिक्षक सरासरी एखाद्या सेकंदापुरतेच थांबतात. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यास उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात.

प्रश्न – विज्ञान शिक्षिका

सर्वांचे आभार. वहीत अंदाज लिहायला सांगितले की काही मुले शेजाऱ्याचे पाहून लिहितात आणि उत्तर कळल्यावर स्वतःचे खोडतात. यावर काय करावे?

उत्तर – भौतिकशास्त्र अध्यापक

त्या नोंदीला गुण देऊ नयेत आणि तसे वर्गाला स्पष्ट सांगावे. चिठ्ठ्यांवर नाव न घालता अंदाज लिहून घेतले, त्यांतील दोन परस्परविरोधी कारणे सारख्याच गांभीर्याने वाचून दाखवली आणि ‘यांतले कोणते पटते?’ असे विचारले, तर चुकण्याची भीती बरीच कमी होते. वहीतच लिहायचे असेल, तर पहिली नोंद तशीच ठेवून तिच्याखाली ‘आता मला काय वाटते’ असे लिहायला सांगावे. तासिकेची शेवटची दोन मिनिटे त्यासाठी राखून ठेवावीत, नाहीतर घंटा होते आणि ती नोंद राहूनच जाते.