३ टनाच्या डक्टेड युनिटच्या कॉइलवर बर्फ: गॅस कमी की हवा कमी?

खिडकीपाशी: एसीचं ३ टनाचं डक्टेड (डक्टमधून खोल्यांत हवा नेणारं) युनिट आहे, आतच इलेक्ट्रिक हीटर. कूलिंग दोनेक तास चाललं की कॉइलवर बर्फ चढतो, आणि टोकाच्या बेडरूममध्ये हवा जेमतेम लागते. गॅस भरून घ्या असं सांगितलं गेलंय, पण त्याआधी हवा तपासायची आहे. मॅनोमीटरचे (हवेचा दाब मोजायच्या यंत्राचे) आकडे: फिल्टरच्या आधी −३५ पास्कल, फिल्टर आणि कॉइलच्या मधे −११०, ब्लोअरनंतर सप्लायमध्ये +६०. यावरून सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) किती धरायचं?

डक्टवाला: नुसत्या दाबावरून सीएफएम निघत नाही. दाब म्हणजे अडथळा. हवा किती, ते त्या मॉडेलच्या ब्लोअर तक्त्यात दाब आणि स्पीड जुळवून बघायचं. तुमचा बाहेरचा एकूण स्टॅटिक (युनिटबाहेरचे फिल्टर, डक्ट यांच्या अडथळ्याचा दाब) ११० + ६० = १७० पास्कल (उणे चिन्ह सोडून बेरीज). कॉइल युनिटच्या आत आहे म्हणून ती यात धरत नाहीत. बरीच युनिटं १२५ पास्कलला, म्हणजे पाण्याच्या अर्ध्या इंचाला रेट केलेली असतात.

खरा चोर फिल्टर. एकटा ७५ पास्कल खातोय, तिथे २५ च्या आसपास हवेत. १ इंची दाट फिल्टर असेल तर नवाकोराही एवढा खाऊ शकतो. ४ इंची घडीचा बसवा, नाहीतर रिटर्न ग्रिल मोठी करा. मात्र ५० वाचले म्हणून एकूण स्टॅटिक सरळ १२० वर येईल असं नाही: हवा वाढली की डक्टमधला दाबही वाढतो.

उणेअधिक: तक्ता नसेल तर हीटर वापरा. कूलिंग बंद, फक्त हीटर, सगळे टप्पे चालू. १० मिनिटं थांबा. व्होल्ट गुणिले अँपिअर करून खरे वॅट घ्या, नेमप्लेटवरचे नकोत. मग रिटर्न आणि सप्लायच्या तापमानातला फरक.

सीएफएम = वॅट × १.७६ ÷ फरक (सेल्सिअस)

समजा २३० व्होल्ट, ४० अँपिअर, म्हणजे ९२०० वॅट, आणि फरक १९ अंश. सुमारे ८५० सीएफएम. टनाला ४०० धरले तर ३ टनाला १२०० हवेत, त्यामुळे ८५० ला बर्फ चढला तर नवल नाही.

सप्लायचा थर्मामीटर हीटरच्या तारांना दिसेल असा ठेवू नका. तारांची आच त्याला लागते, फरक फुगतो आणि हवा उगाच कमी दिसते. पहिल्या वळणापुढे तीन-चार जागी मोजून सरासरी काढा. हीटिंगचा ब्लोअर स्पीड कूलिंगपेक्षा वेगळा असू शकतो, तेही बघा. समुद्रसपाटीपासून उंचावर हवा विरळ, तिथे १.७६ हा गुणक वाढतो.

खिडकीपाशी: ग्रिलवर ॲनिमोमीटर (हवेचा वेग मोजायचं यंत्र) धरून नाही का चालणार?

डक्टवाला: खोल्यांची आपसात तुलना करायला चालतं. एकूण हवेला नको. पात्यांमुळे ग्रिलचं मोकळं क्षेत्रफळ नक्की कळत नाही, आणि हात दोन बोटं सरकला तरी आकडा बदलतो.

दाबपट्टी: गॅसला अजून हात लावू नका. हवा कमी असली तरी सक्शन प्रेशर (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब) पडतं, आणि गेज बघणारा फसतो. सुपरहीट (कॉइलमधून निघणारा गॅस त्याच्या उकळबिंदूपेक्षा किती अंश जास्त गरम आहे) बघा: स्थिर ओरिफिसच्या (गॅस कॉइलमध्ये सोडणारं भोक ठराविक मापाचं असलेल्या) युनिटमध्ये हवा कमी असेल तर सुपरहीट कमी, गॅस कमी असेल तर जास्त. कॉइल पूर्ण वितळल्याशिवाय कुठलंच रीडिंग घेऊ नका.

फिल्टर बदलल्यावर स्टॅटिक उतरला तरी हवा कमीच राहिली, तर दोष ब्लोअरकडे: पात्यांत साचलेली धूळ, थकलेला कपॅसिटर, चुकीचा स्पीड टॅप (मोटरचा वेग ठरवणारी जोडणी).

बेडरूमचं वेगळं. दार लावून खोली आणि पॅसेजमधला दाब मोजा. ३ पास्कलच्या वर गेला तर हवेला परतीची वाटच नाही. दाराखालची फट वाढवा किंवा भिंतीत ग्रिल द्या. दार उघडं असूनही हवा कमी असेल तर त्या खोलीचा फ्लेक्स (लवचीक) डक्ट बघा. तो बहुधा ताणून न बसवता झोळीसारखा लोंबत असतो.