फ्रेट बझ ॲम्पमध्ये ऐकू येत नसेल तर तो दोष मानायचा की नाही?

मंद्र (धागाकर्ता)

नवी इलेक्ट्रिक गिटार झणझणते, म्हणजे तार नेकवरच्या धातूच्या पट्टीला (फ्रेटला) लागून बझ येतो, असं म्हटलं की दोनच सल्ले मिळतात. एक, "ॲम्पमध्ये ऐकू येतं का? नाही ना, मग वाजवा." दुसरा, "नवीन आहे ना, परत करा." दोन्ही सल्ले मोजमापाशिवाय दिले जातात, आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. बझ हा एक आजार नाही. तो चार-पाच वेगवेगळ्या कारणांनी येतो. कुठल्या तारेवर, कुठल्या फ्रेटवर आणि किती जोरात छेडल्यावर येतो, हे लिहून काढल्याशिवाय पाना हातात घेऊच नये.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक ठरावीक गिटार समोर ठेवतो. बोल्ट-ऑन नेक, स्केल २५.५ इंच, फिंगरबोर्डची गोलाई ९.५ इंच, तारा ९-४२ (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात), स्टँडर्ड ट्यूनिंग. ॲक्शन, म्हणजे तार आणि फ्रेटमधलं अंतर: बाराव्या फ्रेटवर सहाव्या (सगळ्यात जाड) तारेखाली १.५ मिमी, पहिल्या तारेखाली १.४ मिमी. रिलीफ, म्हणजे नेकचा किंचित खोलगटपणा, ०.१ मिमी. सहावी तार पहिल्या ते सहाव्या फ्रेटपर्यंत झणझणते. तिसरी तार फक्त तेराव्या फ्रेटवर झणझणते, पण तिथे सूर लगेच मरतो.

माझं म्हणणं: या गिटारला दोन वेगळे त्रास आहेत. पहिला ट्रस रॉडने (नेकच्या आतला, तिचा बाक कमी-जास्त करणारा दांडा) जाईल. दुसरा ट्रस रॉडने कधीच जाणार नाही, आणि ॲम्पची सबब त्याला लागू होत नाही.

पाव फेरा

पहिल्या त्रासाला "त्रास" म्हणायलाच माझी हरकत आहे. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज लोकांपर्यंत पिकअपमधून पोचतो. बंद ॲम्पवर, शांत खोलीत, कान गिटारला लावून ऐकलं तर जवळजवळ प्रत्येक खाली बसवलेली गिटार झणझणते. फेंडर कंपनीचंच माप बघा: ९.५ ते १२ इंच गोलाईला सतराव्या फ्रेटवर दोन्ही बाजूंना १.६ मिमी आणि रिलीफ ०.२५ मिमी. इथे रिलीफ त्याखाली आहे आणि ॲक्शनही खालचीच आहे. तारा एवढ्या खाली हव्यात आणि पिक जोरात मारायचा, तर तार फ्रेटला लागणारच. तो गिटारचा दोष कसा?

दुसरं म्हणजे पिकची दिशा. तार गिटारच्या अंगाकडे दाबून सोडली की ती फ्रेटच्या दिशेने झुलते. फिंगरबोर्डला समांतर छेडली की तीच तार त्याच मापावर स्वच्छ वाजते. ब्रिजच्या (गिटारच्या अंगावर तारा टेकतात त्या भागाच्या) जवळ छेडली तर झोका आणखी लहान होतो. स्क्रूला हात लावायच्या आधी हे करून बघावं.

तेराव्या फ्रेटबद्दल मात्र सहमत. सूर मरत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे.

कानस

पाव फेरा, "ॲम्पमध्ये ऐकू येत नाही" हे कुठल्या ॲम्पवर आणि कुठल्या सेटिंगवर, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. तार फ्रेटला आपटते तेव्हा तिची ताकद तिथेच खर्च होते. छेडल्याक्षणी टणत्कार जास्त आणि मागे राहणारा सूर कमी, असा तो आवाज असतो. क्लीन चॅनेलवर कमी व्हॉल्यूमला हे लक्षात येत नाही. कंप्रेसर लावा किंवा गेन चढवा, लहान आवाज वर उचलले जातात आणि तीच खरखर समोर येते.

पारख करायची तर अशी करा. गिटार थेट रेकॉर्डिंगच्या ऑडिओ इंटरफेसमध्ये लावा, कुठलाही इफेक्ट नको. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट हळू, मध्यम आणि जोरात असा तीनदा छेडून रेकॉर्ड करा. मग तिन्ही आवाज एका पातळीवर आणून हेडफोनवर ऐका. मध्यम जोरालाच टणत्कार येत असेल आणि सूर हळू छेडलेल्यापेक्षा लवकर विरत असेल, तर तो दोष आहे, मग कुणी काहीही म्हणो. फक्त जोरात मारल्यावर येत असेल तर पाव फेरा यांचं बरोबर.

मंद्र

ही पारख मला पटली. पण ०.१ मिमी रिलीफवर, नऊच्या तारांवर, मध्यम जोरालाही टणत्कार येण्याची शक्यता जास्त आहे. कारण सरळ आहे: वाजणाऱ्या तारेचा झोका मध्यावर सगळ्यात मोठा असतो, म्हणून नेकला तिथे किंचित खोलगटपणा हवा. नेक जवळजवळ सपाट असला की पहिले पाच-सहा फ्रेट आधी झणझणतात. इथे तेच दिसतंय.

रिलीफ मोजायची पद्धत सगळ्यांची एकच हवी, नाहीतर आपण वेगवेगळ्या आकड्यांवर भांडत बसू. गिटार सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबलेली, आणि आठव्या फ्रेटच्या माथ्यावर फीलर गेजची पाती सरकवायची. ०.२५ ची पाती तार न उचलता जेमतेम सरकली पाहिजे. वाजवताना धरतो तशीच गिटार धरा, टेबलावर आडवी टाकून मोजू नका. स्वतःच्या वजनाने नेकचं माप बदलतं.

मग ट्रस रॉड उलट्या दिशेने सैल करायचा, एका वेळी एक अष्टमांश फेरा. पुन्हा सुरात लावायची आणि पुन्हा मोजायचं. पाना इंचातला की मिलिमीटरमधला हे आधी बघा. जवळपासच्या मापाचा पाना "बसतोय की" म्हणून फिरवला तर ट्रस रॉडच्या नटच्या कडा गोल होतात, आणि मग साधं काम महागात पडतं.

सहा तारा

तुम्ही सगळे दुरुस्तीपासून सुरुवात करताय. गिटार नवीन आहे, ही गोष्ट धाग्यात मागे पडली. ट्रस रॉड, सॅडलची (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याची) उंची, पिकअपची उंची ही वापरणाऱ्याने करायची ॲडजस्टमेंट आहे, ती जरूर करा. पण तेराव्या-चौदाव्या फ्रेटवर हातोडी, सुपरग्लू किंवा कानस लावलीत की विकणारा म्हणेल "तुम्ही छेडछाड केली", आणि त्याला उत्तर नसेल.

म्हणून क्रम असा: सगळी मापं लिहून ठेवा, फीलर गेज आणि पट्टीसकट फोटो काढा, तेराव्या फ्रेटवर मरणाऱ्या सुराचं रेकॉर्डिंग करा. रिलीफ ०.२५ आणि सतराव्या फ्रेटवर ॲक्शन १.६ करून पुन्हा रेकॉर्ड करा. तरी सूर मरत असेल तर परत पाठवा. कारखान्याच्या मापावर बसवूनही एकच फ्रेट अडतो, म्हणजे दोष बनावटीचा आहे. सैल नट (नेकच्या टोकाची, तारा जिच्या चरींतून जातात ती पट्टी), खोल चरी, वर आलेले फ्रेट ही गिऱ्हाइकाची कामं नाहीत.

कानस

परत पाठवायला माझा विरोध नाही. पण पाठवण्याआधी नेमका कुठला फ्रेट दोषी आहे हे तरी ठरवा. इथे बरेच जण चुकतात, म्हणून जरा थांबून लिहितो.

तार तेराव्यावर दाबली आणि अडली, म्हणजे ती चौदाव्याला लागतेय. लगेच निष्कर्ष: चौदावा उंच. पण तेरावा खोल असला तरी हेच घडतं. फ्रेट रॉकर म्हणजे तीन फ्रेटवर एकदम टेकणारी छोटी सरळ पट्टी. ती तिसऱ्या तारेच्या रेषेत १३-१४-१५ वर ठेवा. डुलली तर मधला उंच, असं दिसतं. आता ती ११-१२-१३ वर आणा. इथे पट्टी बाराव्यावर डुलत असेल तर तेरावा खोल आहे. इथे स्थिर बसते आणि १४-१५-१६ वर मात्र पंधराव्याखाली उजेड दिसतो, तर चौदावा खरंच उंच आहे. एवढं न करता चौदाव्यावर कानस चालवली आणि खोल तेरावाच निघाला, तर चौदाव्यावरच्या सुराची तार पंधराव्यावर अडायला लागते. एकामागोमाग एक फ्रेट घासत शेवटपर्यंत जावं लागतं.

चौदावा उंच निघाला तर लाकडी काडीने त्याच्या माथ्यावर दाबून पाहा. दाबल्यावर खाली जातो आणि सोडल्यावर वर येतो, म्हणजे तो खाचेत नीट बसलेला नाही. असा फ्रेट घासायचा नसतो, बसवायचा असतो: मऊ तोंडाची हातोडी, मग खाचेत पातळ सुपरग्लूचा एक थेंब, आणि तो सुकेपर्यंत दाब. घट्ट बसलेला असूनही उंच असेल तरच माथ्यावर मार्करची रेघ ओढून, तेवढीच जागा घासून, पुन्हा गोलाई देऊन पॉलिश करायचं. स्टील वूल वापरणार असाल तर आधी पिकअप टेपने पूर्ण झाका. लोखंडाचा भुगा चुंबकाला चिकटला की तो निघता निघत नाही.

पाव फेरा

कानस यांच्या या पारखीशी वाद नाही. वाद आहे तो एकच फ्रेट घासण्याशी. एका फ्रेटवर एका तारेखाली खड्डा केला की तिथे बेंड करताना, म्हणजे तार बाजूला ओढताना, ती वेगळ्या उंचीवरून सरकते. नव्या गिटारला पूर्ण लेव्हलिंग (सगळे फ्रेट घासून एका पातळीत आणणं) करावं असं मी म्हणत नाही, पण घट्ट बसलेला उंच फ्रेट असेल तर 'सहा तारा' यांच्या मताला माझा दुजोरा: परत करा.

पहिल्या त्रासावर मात्र मी ठाम आहे. ट्रस रॉडला हात लावायच्या आधी १०-४६ तारा लावून बघा. २५.५ इंच स्केलवर ९-४२ चा एकूण ताण साधारण ३८ किलो, १०-४६ चा साधारण ४६ किलो. ताण वाढला की नेक स्वतःच थोडी पुढे येते, रिलीफ वाढतो आणि तारेचा झोकाही लहान होतो. दोन्ही गोष्टी एका सेटच्या बदलात.

मंद्र

आणि बोटांना जड झालेली गिटार? ज्याला नऊच्या तारा आवडतात त्याने दहाच्या का वापराव्यात, केवळ नेक सपाट आली म्हणून? शिवाय जाड तार नटच्या चरीत अडकू शकते, आणि ट्रेमोलो (दांडीने हलणारा ब्रिज) तरंगता असेल तर मागचे स्प्रिंगही ओढून घ्यावे लागतात. ड्रॉप ट्यूनिंग (खर्जाची तार आणखी उतरवून) वाजवणाऱ्याला मी स्वतः जाड तारा सुचवेन. स्टँडर्ड ट्यूनिंगला हा उपाय म्हणजे एक अष्टमांश फेऱ्याचं काम टाळण्यासाठी केलेला वळसा आहे.

चिमटा

वाद चालू द्या, पण जो आवाज फ्रेटचा नाहीच त्याचं काय? मोकळी तारही झणझणते आणि सगळ्या फ्रेटवरही तसाच आवाज येतो, तेव्हा संशय दुसरीकडे घ्यावा. सॅडलचा एखादा उंचीचा स्क्रू हवेत असतो, ट्यूनरची बाहेरची चकती सैल असते, स्ट्रिंग ट्री हलते, ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजवरची सॅडल धरणारी तार थरथरते. एका हाताने तार छेडत दुसऱ्या हाताचं बोट एकेका भागावर टेकवत जा. जिथे बोट टेकल्यावर आवाज थांबेल, तो भाग आवळा.

फक्त मोकळीच तार झणझणत असेल तर नट बघा. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या माथ्यावर पाहा. केसाएवढी फट हवी, बोटाने टिचकी मारली की तार हलून "टिक" वाजली पाहिजे. तार फ्रेटला टेकलेलीच असेल तर चर खोल गेली आहे.

सिंगल कॉइल पिकअप फार वर असतील तर चुंबक सहाव्या तारेला खाली ओढतो. वरच्या फ्रेटवर सूर डुगडुगतो आणि कधी फ्रेटला लागतोही. पिकअप पूर्ण खाली उतरवून ऐका. आवाज गेला तर शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, पिकअपच्या टोकापासून खर्जाच्या बाजूला साधारण २.४ मिमी आणि टिपेच्या बाजूला २ मिमी एवढं अंतर ठेवून पुन्हा वर आणा.

सहा तारा

मोकळ्या तारेचा मुद्दा या गिटारला लागू नाही, पण चांगला आहे. खोल चरीत बेकिंग सोडा आणि सुपरग्लू भरण्याचा सल्ला सगळीकडे फिरतो. नव्या गिटारवर तोही करू नका. कारण वर दिलं आहे.

मंद्र

पाव फेरा यांचा एक मुद्दा मी उचलतो: १.५ मिमी हे माप माझ्या उदाहरणात खालचं आहे. रिलीफ ०.२५ झाल्यावर बाराव्या फ्रेटची उंची थोडी आपोआप वाढेल. तरी मध्यम जोराला टणत्कार राहिला तर सहावी आणि पाचवी तार १.७ पर्यंत न्यायला हरकत नाही. खर्जाच्या तारेचा झोका मोठा असतो, तिला पहिल्या तारेपेक्षा जास्त जागा द्यावीच लागते. आणि तेराव्या फ्रेटपाशी रॉकर लावून, फोटोसकट, गिटार परत पाठवण्याच्या बाजूला मीही झुकलो आहे.

नेकखाली शिम (पातळ पट्टी) घालण्याचा विषय निघेल म्हणून सांगतो: सॅडल पूर्ण खाली टेकूनही ॲक्शन उंच राहत असेल, किंवा पूर्ण वर करूनही कमी पडत असेल, तरच. इथे तसं काही नाही.

ट्रस रॉड फिरवल्यावर रात्रभर गिटार तशीच सुरात ठेवा आणि सकाळी रिलीफ पुन्हा मोजा, कारण लाकूड सावकाश स्थिरावतं. सॅडलला हात त्यानंतर. आणि उंची बदलली की बाराव्या फ्रेटचा सूर ट्यूनरवर पुन्हा तपासा. चढा आला तर सॅडल मागे, उतरा आला तर पुढे.