ऑप्टोमेट्रीसाठी बहिणीला बाहेरगावी पाठवावे का?

पिंपळगावकर
नमस्कार. माझी धाकटी बहीण यंदा विज्ञान शाखेतून बारावी झाली असून तिने ऑप्टोमेट्रीच्या, म्हणजे दृष्टी तपासणीच्या शास्त्राच्या, पदवीचा निश्चय केला आहे. वडिलांचा थेट विरोध नाही, परंतु "चष्म्याचा नंबर तर मेन रोडवरच्या दुकानात पाच मिनिटांत कॉम्प्युटरवर निघतो, त्यासाठी चार वर्षे कशाला घालवायची?" असे ते विचारतात आणि मला त्यांना नीट उत्तर देता येत नाही. दुसरे असे की, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशिकमध्ये, म्हसरूळला असताना तिला पुण्या-मुंबईला ठेवण्याचा खर्च करणे योग्य होईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नाशिकरोडचा ऑप्टोमेट्रिस्ट
आपल्या वडिलांची शंका रास्त आहे, कारण चष्मा तयार करून देणारा ऑप्टिशियन, दृष्टी तपासणारा ऑप्टोमेट्रिस्ट आणि शस्त्रक्रिया करणारा नेत्रतज्ज्ञ यांतला फरक आपल्याकडे कोणी समजावून सांगत नाही. २०२१ साली केंद्र सरकारने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी जो कायदा केला, त्यात ऑप्टोमेट्रिस्टचा स्पष्ट समावेश आहे. पदवी चार वर्षांची असते. त्यांपैकी तीन वर्षे अभ्यासक्रमाची आणि शेवटचे वर्ष रुग्णालयातील इंटर्नशिपचे.

आता त्या पाच मिनिटांविषयी. कॉम्प्युटरने काढलेला नंबर हा तपासणीचा आरंभ असतो, निष्कर्ष नव्हे. लहान मुले यंत्रात डोकावताना जवळच्या वस्तूवर नजर रोखावी तसा डोळा ताणतात आणि त्यामुळे नसलेला उणे नंबर कागदावर उमटतो. माझ्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा असाच उणे दीडचा कागद घेऊन आला होता. नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याने डोळ्यांत थेंब टाकून, डोळ्याचा ताण सैल झाल्यावर मी रेटिनोस्कोपीने पुन्हा पाहिले, तेव्हा नंबर जवळजवळ शून्य निघाला. त्याला चष्म्याची गरजच नव्हती.

रेटिनोस्कोपी म्हणजे अंधाऱ्या खोलीत हातभर अंतरावरून बाहुलीत प्रकाशाची पट्टी फिरवायची आणि आतून परत येणारी लालसर झाक पट्टीच्या दिशेने सरकते की उलट, ते पाहायचे. समोर एकेक भिंग धरत गेले की एका क्षणी ती हालचाल थांबते आणि संपूर्ण बाहुली एकदम उजळते. बोलता न येणाऱ्या बाळाचा नंबरही असा काढता येतो. हे कसब पुस्तकातून येत नाही. शेकडो डोळे पाहिल्यावरच हाताला वळण लागते. याशिवाय तिरळेपणा, आळशी डोळा (चष्मा लावूनही एका डोळ्याने कमी दिसणे), कॉन्टॅक्ट लेन्स, अल्पदृष्टी असलेल्यांसाठीची साधने आणि काचबिंदूची लक्षणे वेळीच ओळखून रुग्णाला पुढे पाठवणे, हे सारे या अभ्यासक्रमात येते.

विद्यापीठाचे मुख्यालय म्हसरूळला असले, तरी संलग्न महाविद्यालये राज्यभर विखुरलेली आहेत, त्यामुळे केवळ पत्ता पाहून निर्णय घेऊ नये. महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयाची ओपीडी सकाळी दहा वाजता स्वतः जाऊन पाहावी. तिथे विद्यार्थ्यांच्या हातात रेटिनोस्कोप दिसतो की ते मागे उभे राहून केवळ वह्या भरतात, यावरून बरेच कळते. अशी ओपीडी घराजवळ असेल तर उत्तमच. नसेल तर बाहेरगावचा खर्च वाया जाणार नाही.

सिडकोची विद्यार्थिनी
मी सध्या पुण्यात इंटर्नशिप करते आहे. दादांनी सांगितलेले ओपीडीचे निरीक्षण अवश्य करावे, एवढेच नव्हे तर तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलूनही घ्यावे. आपल्या बहिणीला एक सांगावेसे वाटते की, बारावीचे भौतिकशास्त्र, विशेषतः भिंगांचा धडा, मागे टाकू नये. रेटिनोस्कोपी आपण ६६ सेंटिमीटरवरून करतो, म्हणून आलेल्या नंबरातून त्या अंतरापोटी दीड वजा करावा लागतो. सुरुवातीला मी एकदा तो वजा करायला विसरले आणि ट्रायल फ्रेम (भिंगे बदलून पाहण्याची तपासणीची चौकट) घातलेले आजोबा शांतपणे म्हणाले, "बाळा, आधी निदान मोठी अक्षरं दिसत होती, आता तीही धुरकट झाली." आमच्या मॅडम मागेच उभ्या होत्या, म्हणून चूक तिथल्या तिथे सुधारली. अशा चुका कोणाच्या तरी नजरेखाली व्हाव्यात, यासाठीच ते चौथे वर्ष असते, असे मला मनापासून वाटते.

पिंपळगावकर
दोघांचे मनःपूर्वक आभार. आठ वर्षांच्या मुलाची गोष्ट वडिलांना वाचून दाखवली. त्यांनी लगेच विचारले की, माझाही जवळचा नंबर दुकानातूनच काढलेला आहे, तो बरोबर असेल का?

नाशिकरोडचा ऑप्टोमेट्रिस्ट
चाळिशीनंतर जवळचा नंबर लागतोच, परंतु या वयात नंबराबरोबर डोळ्याचा दाब आणि मागचा पडदाही तपासला जावा. काचबिंदू सहसा दुखत नाही, त्यामुळे तो आपणहून लक्षात येत नाही. वडिलांना घेऊन या आणि बहिणीलाही सोबत आणा. वडिलांची हरकत नसेल तर त्यांच्या डोळ्यातली ती लालसर झाक तिला रेटिनोस्कोपमधून प्रत्यक्ष पाहू देईन.