मुधोळच्या पिल्लाला मोकळं सोडताना

मुधोळ या शिकारी जातीच्या कुत्र्याच्या सहा महिन्यांच्या पिल्लाला रोज पहाटे बाइकमागे पाच किलोमीटर पळवावं, असा सल्ला काही जण देतात; तो कृपा करून कुणी पाळू नका. या वयात हाडांच्या टोकांची वाढ चालू असते. डांबरावरच्या एकसुरी धावेनं पुढचे पाय कायमचे वाकडे होऊ शकतात. वर्ष-सव्वा वर्षापर्यंत पिल्लानं मऊ मातीवर स्वतःच्या मर्जीनं पळावं, दमलं की बसावं, एवढंच पुरे.

मोकळं सोडायची सुरुवात तीस फुटी दोरीनं करा असं सांगतात, ते बरोबर. पण ती गळपट्ट्याला नव्हे, छातीच्या पट्ट्याला बांधायची, हे सांगायचं राहून जातं. हा कुत्रा वास नाही, नजर धरून पळतो. ससा दिसला की दोन-चार ढांगांत पूर्ण वेग घेतो आणि दोरी संपते तेव्हा सगळा हिसका मानेवर येतो. दोरीच्या टोकाची मूठ कापून टाका, नाहीतर ती झुडपात अडकते. दोरी जमिनीवर लोळती ठेवा, हाक मारून आलं की खाऊ द्या आणि लगेच पुन्हा सोडा. हाक म्हणजे खेळ संपला, असं त्याला वाटता कामा नये.

आपल्याकडे तोडणी झालेलं उसाचं रान मोकळं दिसतं म्हणून तिथं सोडतात. तिरके तुटलेले बुडखे सुरीसारखे असतात आणि या जातीची कातडी पातळ, सहज फाटते. त्यापेक्षा नांगरून कुळवलेलं, कुंपण असलेलं रान बघा. खाऊ घातल्यावर दोन तास तरी पळवू नका, खोल छातीच्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडायचा धोका असतो.