दादरच्या पुलावर पांढरी काठी घेतलेल्या गृहस्थांना मदत कशी विचारावी?

वाटसरू_दादर
रोज सकाळी मी दादरला पश्चिम रेल्वेवरून मध्यची गाडी पकडतो. पांढरी काठी घेतलेले एक गृहस्थ पुलावर बहुतेकदा दिसतात. जिना संपतो तिथे ते जरा थांबतात आणि मागची गर्दी त्यांना घासून पुढे जाते. त्यांना मदत हवी असेल का? विचारलं तर अपमान वाटेल का? आणि नेमकं करायचं काय?

मोगरा
सरळ हात धरायचा आणि पलीकडे नेऊन सोडायचं. चांगल्या कामाला कसली आलीय परवानगी?

डोंबिवलीकरीण
मोगरा, कृपा करून असं करू नका. मी जन्मापासून दृष्टिहीन आहे. बँकेत टेलिफोन ऑपरेटर आहे, डोंबिवलीहून सीएसएमटीला जाते. कुणी अचानक हात धरला की काठीचा अंदाज जातो आणि पुढचं काहीच कळेनासं होतं. एकदा मी मैत्रिणीची वाट बघत फलाटावर उभी होते, तर एका गृहस्थांनी "चला, चला" करत मला समोर आलेल्या गाडीत चढवलं. मनाने भलेच होते ते. पण मी काही बोलेपर्यंत थांबले नाहीत.

वाटसरू, ते गृहस्थ थांबतात ते बहुधा ऐकायला. गर्दी कुठून येतेय, घोषणा कुठल्या फलाटाची, हे कानांनी जुळवावं लागतं. अपंगांच्या डब्याच्या जागी बीप वाजतो, आम्ही तो शोधत असतो. पावसाळ्यात पत्र्यावर सर कोसळली की तो ऐकूच येत नाही, त्या दिवशी तर नक्की विचारा.

शेजारी उभं राहून दंडाला हलका स्पर्श करा, म्हणजे मलाच विचारताय हे कळतं. "मदत हवी आहे का?" एवढं पुरे. मग उत्तरासाठी थांबा. लोकांना हेच सगळ्यात जड जातं! "नको" म्हटलं तर खरंच नको असतं, राग मानू नका. "हो" म्हटलं तर तुमचं कोपर पुढे करा. ते धरून मी अर्धं पाऊल मागून चालते, त्यामुळे तुम्ही वळलात की मलाही कळतं. जिन्याआधी थांबून चढायचंय की उतरायचंय ते सांगा. "इकडे", "तिकडे" म्हणू नका, "डावीकडे दोन पावलं" म्हणा. आणि जाताना सांगून जा. माणूस निघून गेलाय आणि मी आपली बोलतेच आहे, हे फार लागतं मनाला.

पाटीपेन्सिल
मी मानसशास्त्र शिकवते. जॉन डार्ली आणि डॅनिअल बॅटसन यांचा प्रयोग 1973 साली प्रसिद्ध झाला. प्रिन्स्टनला धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना भाषणासाठी दुसऱ्या इमारतीत पाठवलं. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत बसवून ठेवला होता. "उशीर झालाय" असं सांगितलेल्यांपैकी सुमारे 10 टक्क्यांनी मदत केली, हाताशी वेळ असलेल्यांपैकी 63 टक्क्यांनी. त्यातल्या काहींना तर बायबलमधल्या, वाटेत पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्या माणसाच्या गोष्टीवरच बोलायचं होतं. म्हणून माझा सल्ला: घरून एक गाडी आधीची पकडा. घाईत असलो की समोरचा दिसूनही आपण पुढे जातो.

वाटसरू_दादर
मनापासून आभार, ताई. उद्यापासून आधीची गाडी. तरी एक विचारतो, ते "हो" म्हणाले आणि माझी गाडी लागलेली असेल तर?

डोंबिवलीकरीण
तसं आधीच सांगा: "मी खालच्या फलाटापर्यंत येतो, पुढे दुसऱ्या कुणाला सांगू का?" अर्ध्या वाटेची सोबतही उपयोगाची असते, फक्त ती कुठवर आहे ते कळायला हवं. आणि फलाटाच्या मधोमध सोडू नका. खांबाला किंवा बाकाला हात लागेल असं उभं करा आणि रूळ कुठल्या बाजूला आहेत ते सांगा.