अनुभव धागा: तुमच्या ‘पाहिजे’ला इंग्रजीत काय म्हणता?

मी अंबाजोगाईत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. ‘मला पाणी पाहिजे’, ‘कापसाला काळी जमीन पाहिजे’, ‘तू वेळेवर आलं पाहिजेस’. आपलं तिन्हीकडे ‘पाहिजे’वर भागतं. इंग्रजीत तिथंच वॉन्ट, नीड आणि मस्ट अशा तीन वाटा फुटतात. पहिल्यात इच्छा, दुसऱ्यात गरज, तिसऱ्यात बंधन. लेकरं नेमकी इथं अडतात. तुमचं कुठं अडलं, ते मोकळेपणानं लिहा.

नांदेड, परिचारिका:
परराज्यातले एक वयस्कर काका तपासणीला यायचे. एचबीए१सीला, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीला, उपाशीपोटी यावं लागत नाही. ‘उपाशी यायला नको’ हे मनात धरून मी सांगितलं, ‘यू मस्ट नॉट कम फास्टिंग.’ पण ‘मस्ट नॉट’ म्हणजे मनाई! पुढं डॉक्टरांनी उपाशीपोटीची साखर तपासायला सांगितली, तरी काका माझा शब्द पाळून नाश्ता करूनच आले. तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली, त्यांना पुन्हा खेप पडली. मला फार वाईट वाटलं. आपलं ‘नको’ गरज नसतानाही चालतं आणि मनाई करतानाही. आता गरज नसेल तर मी ‘यू डोन्ट हॅव टू’ म्हणते.

वाळूज, कंपनीत स्टोअरला:
परदेशी गिऱ्हाइकाला मेल टाकला, ‘वुई वॉन्ट द ड्रॉइंग टुडे.’ आपल्याला ‘ड्रॉइंग आजच पाहिजे’ यात काही वावगं वाटत नाही. साहेबांनी बोलावून समजावलं: ‘वॉन्ट’मध्ये आपली मर्जी दिसते, ‘नीड’मध्ये कामाची अडचण. मग ‘वुई नीड द ड्रॉइंग टुडे टु स्टार्ट द जॉब’ असं लिहिलं. कारण जोडलं की हुकूम वाटत नाही. ‘रिक्वायर’ टेंडरमध्ये, नोटिशीत शोभतं. रोजच्या बोलण्यात जड होतं. आणि ‘वुई आर रिक्वायरिंग’ असं तर कधीच लिहू नका, मी दोन वर्षं लिहीत होतो.

परभणी, विद्यार्थी:
‘संभाजीनगरला जायला तीन-चार तास लागतात.’ मी मुलाखतीत ‘अवर्स आर रिक्वायर्ड’ म्हणालो. ‘इट टेक्स’ पुरतं. वेळ लागतो तो ‘टेक’, कागदपत्रं लागतात ती ‘रिक्वायर्ड’.

जालना:
‘काल जावं लागलं’ याला ‘मस्ट’ चालत नाही, ‘हॅड टू’ घ्यावं लागतं. एवढंच.

हिंगोली, गृहिणी:
बहिणीच्या लग्नाला न आलेल्या बंगळुरूच्या मैत्रिणीला लिहिलं, ‘यू मस्ट हॅव कम.’ मला म्हणायचं होतं, ‘तू यायला पाहिजे होतंस.’ तिनं वाचलं, ‘तू आलीच असशील.’ तिचा लगेच फोन आला, ‘अगं, मी तर आलेच नाही!’ तिथं ‘शुड हॅव कम’ हवं होतं.