प्रतिसाद: काढलेली डिस्क ‘मिसिंग’ का दिसत नाही?

तुमचा प्रश्न असा: बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइलसिस्टमवरच्या रेड-१ मधली (दोन डिस्कवर तोच डेटा ठेवणारी जोडी) दुसरी डिस्क काढून तिच्यावर ईएक्सटी४ ही वेगळी फाइलसिस्टम बनवली, तरी बीटीआरएफएसच्या यादीत ती ‘मिसिंग’ (गायब) न दिसता अजून जुन्याच जोडीत दिसते. आधीच्या एका प्रतिसादात ‘रीबूट करा’ असा सल्ला आलाय. त्याने यादी पुसली जाईल, पण नेमकं काय घडलं ते कळणार नाही.

स्कॅन झालेल्या डिस्कची नोंद कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतःजवळ ठेवतो. तुम्ही डिस्कवर काहीही लिहा, ती नोंद आपोआप जात नाही. माउंट करताना सुपरब्लॉक (डिस्कवरचा फाइलसिस्टमची ओळख सांगणारा भाग) वाचल्यावर ही डिस्क परकी आहे हे उघड होतं. तिथेच नोंद काढून टाकायला हवी. जुन्या कर्नलमध्ये ती राहून जायची. एफएसटेस्ट्स या फाइलसिस्टम तपासणाऱ्या चाचणीसंचातल्या बीटीआरएफएसच्या १९७ आणि १९८ क्रमांकाच्या चाचण्या हेच तपासतात: पहिल्या चाचणीत डिस्क दुसऱ्या बीटीआरएफएसमध्ये गेलेली, दुसरीत तुमच्यासारखी, बीटीआरएफएसचीच न राहिलेली.

खऱ्या डिस्कवर करून बघू नका. नागपुरात मे महिन्यात कूलरसमोर बसूनही माझं डोकं चालत नाही, आणि चुकीच्या डिस्कवर फॉरमॅट मारायला एक अक्षर पुरतं (मारलंय मी!). दोन रिकाम्या फायली लूप डिव्हाइस (फाइललाच डिस्क म्हणून वापरायची सोय) म्हणून जोडा, रेड-१ बनवा, दुसरीवर ईएक्सटी४ चढवा, पहिली ‘डिग्रेडेड’ (एक डिस्क नसतानाही चालवा) पर्यायाने माउंट करा. बीटीआरएफएसच्या ‘फाइलसिस्टम शो’ या कमांडमध्ये दुसरी मिसिंग दिसली तर तुमचा कर्नल ठीक. नाही दिसली तर अनमाउंट करून ‘डिव्हाइस स्कॅन’ या कमांडला ‘फर्गेट’ (नोंद विसर) हा पर्याय जोडून चालवा. माउंट असलेल्या डिस्कची नोंद त्याने जात नाही. निकाल इथे टाका, कर्नलच्या आवृत्तीसकट.